काटा दिसला की श्वास बंद

ती. सौ. ताईस,

नाकाने श्वास सावकाश आत घेऊन, क्षणभर थांबून, तोंडाने हळूच सोडत सोडत केलेला साष्टांग नमस्कार. (घाईघाईत नमस्कार उरकायचे दिवस गेले. आता माझं सगळं सावकाश असतं.) तुझा गुडघा काय म्हणतोय? जिना चढताना अजून कुरकुरतो, की तुझ्या धाकाने गप्प बसला? आणि भाऊजी कसे आहेत? त्यांनी गॅस बंद केला का, हे त्यांना आठवणीने विचार आणि मला कळव. हा प्रश्न का, ते पुढे येईलच. पण त्या गॅसपायी त्यांचा एकुलता एक मेव्हणा काळानिळा पडता पडता राहिला, एवढं आत्ताच त्यांच्या कानावर घालून ठेव.

मुख्य बातमी आधी सांगून टाकतो, नाहीतर तू सवयीप्रमाणे शेवटचं पान आधी वाचशील. (वाचू नकोस. शेवटी काही विशेष नाही.) तर ताई, बीपी उतरलं! डोळ्यांच्या डॉक्टरांनी हो म्हटलं आणि येत्या गुरुवारी सकाळी माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. सुटलो गं, सुटलो. दवाखान्यातून बाहेर आल्याबरोबर पायरीवरच बसकण मारली. ही म्हणाली, उठा, लोकांना वाटेल नकार मिळाला म्हणून बसलायत. मी म्हटलं, वाटू दे लोकांना काय वाटायचं ते, मला जरा बसू दे. मग तीही शेजारी बसली, आणि आम्ही दोघं येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायात येत बराच वेळ तसेच बसून होतो.

तुला यातलं अर्धंच माहीत आहे. कारण आपण फोनवर बोलतो म्हणजे तू आणि ही बोलता आणि मी मागून ‘माझंही सांग’ म्हणून ओरडतो. तेव्हा आता पत्रात मधे कुणी तोंड घालत नाहीये तोवर नीट पहिल्यापासून सांगतो. उजवा डोळा म्हणजे माझं दुकान. भिंग त्याच डोळ्यात बसतं, डावा नुसता सोबतीला. त्या उजव्यातच मोतीबिंदू झाला, आणि घड्याळ उघडलं की आत कुणी साय पसरून ठेवल्यासारखं दिसायला लागलं. आधी वाटलं भिंग मळलंय. ते पुसून पुसून झिजवलं. मग दिव्यावर राग काढला, दिवा बदलला. शेवटी एका गिऱ्हाइकाच्या घड्याळात तासकाटा आणि मिनिटकाटा एकमेकांच्या जागी बसवून दिले, आणि तो भला माणूस दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला की घड्याळ उत्तम चालतंय, फक्त मला जेवायच्या वेळेला झोपायला सांगतंय. तेव्हा कबूल केलं आणि डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर तरुण आहेत, पण बोलायला गोड. म्हणाले, ऑपरेशन अगदी साधं आहे, पण तुमचं बीपी इतकं चढलेलं असताना मी डोळ्याला हात लावणार नाही. गोळ्या घ्या, मीठ कमी करा, चाला, आणि रोज थोडा वेळ शांत बसून खोल श्वास घ्या. घरी येताना ही रिक्षात काहीच बोलली नाही, आणि ही काही बोलत नाही तेव्हा ती काहीतरी ठरवत असते. घरी पोचल्यावर निकाल जाहीर झाला. डोळ्याचं काय व्हायचं ते होईल, तोवर दुकानात फक्त सेल आणि पट्टे बदलायचे, घड्याळ उघडायचं नाही! ताई, मी काकांच्या हाताखाली शिकलेला घड्याळजी, आणि मी सेल बदलत बसू? अंगाचा असा तिळपापड झाला की त्या वेळी बीपी मोजलं असतं तर यंत्रच फुटलं असतं. पण रागावून करणार काय? डोळा गेला तर खरंच सेल आणि पट्टेच राहणार होते. भीती वाटली, ताई. हिला नाही सांगितलं, पण चांगलीच वाटली.

आणि मग तुझं ते रेकॉर्डिंग आलं. तू श्वासाच्या वर्गाला जातेस हे ऐकून होतो, पण तुझा आवाज असा मऊ निघू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. (लहानपणी हा आवाज कुठे ठेवला होतास?) पाठ सरळ ठेव, खांदे सैल सोड, चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, मन श्वासावर ठेव. इथपर्यंत छान. आता तुझं मोजणं घे. एक, दोन, तीन, आणि मग ‘अहो, गॅस बंद करा, उतू जातंय!’ आणि मग भाऊजींचं लांबून काहीतरी, मग तुझं ‘दिसत नाही का समोर?’, मग भांड्याचा आवाज, आणि या सगळ्यानंतर अगदी शांतपणे, चार. तोपर्यंत इकडे मी छाती फुगवून, डोळे वटारून उभा! तुझी आज्ञा मोडायची सवय नाही, त्यामुळे चार म्हटल्याशिवाय सोडायचा कसा? ही स्वयंपाकघरातून पळत आली आणि तिने माझ्या पाठीत असा रट्टा घातला की सहाच्या जागी एकातच सगळा बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, पडून करू. तू सांगितलंस की पोटावर वाटी ठेव, ती वर-खाली झाली म्हणजे श्वास खरा पोटापर्यंत गेला. वाट्या सगळ्या घासायला पडलेल्या. माझ्या उशाशी गजराचं घड्याळ होतं (दुरुस्तीला आलेलं, जुनं, वर दोन घंटा असलेलं), तेच पोटावर ठेवलं. काय सांगू, इतकं छान चाललं होतं! पोट वर, घड्याळ वर, पोट खाली, घड्याळ खाली, डोळे मिटत आलेले, अंग कापसासारखं सुटलेलं, आणि त्या मेल्याला नेमका तेव्हाच आपला गजर आठवला. मालकाने सांगितलं होतं की गजर वाजत नाही. मी अजून हातही लावला नव्हता त्याला. माझ्या श्वासाने ते दुरुस्त झालं, पण मी मात्र पलंगाच्या पलीकडे जमिनीवर होतो. ही दारात उभी राहून हसली ती हसलीच. पंधरवड्यात पहिल्यांदा हसली म्हणून मीही फार मनाला लावून घेतलं नाही.

पण खरी पंचाईत दुकानात झाली. (हिने घातलेली बंदी मी पाळत नव्हतो, हे तुझ्यातच ठेव.) ठरवलं की कामाच्या मधेमधेही दोनचार खोल श्वास घ्यायचे. एक निवृत्त मास्तर आले, घड्याळ बंद पडलंय म्हणून. मी मागचं झाकण उघडलं, भिंग लावलं, आत पाहिलं, आणि तुझी आठवण ठेवून एक लांब, खोल, सहा मोजत श्वास सोडला. मास्तरांचा चेहरा पडला. मी पुन्हा आत घेतला, पुन्हा सोडला. मास्तर स्टूल ओढून बसले आणि त्यांनी रुमाल काढला. म्हणाले, खरं काय ते सांगा, माझी तयारी आहे. अहो, काही नाही, नुसतं तेल सुकलंय, असं मी परोपरीने सांगितलं, पण त्यांना वाटलं मी धीर देतोय. काही होणार नसेल तर मी त्याला घरीच घेऊन जातो, निदान घरात राहील, असं म्हणून माणूस उठायलाच लागला! हाताला धरून बसवलं, त्यांच्यासमोर तेल घालून घड्याळ चालू करून दिलं, तेव्हा कुठे त्यांचा स्वतःचा श्वास जागेवर आला. बाजूच्या चष्मेवाल्याने हे सगळं पाहिलं, आणि तेव्हापासून कुणी माझ्याकडे घड्याळ आणलं की तो आपल्या काउंटरवरून मोठ्याने उसासा टाकतो.

त्याच दिवशी दुपारी दुसरा अनर्थ. एका लेडीज घड्याळाचा स्क्रू चिमट्यात धरला होता. लेडीज घड्याळाचा स्क्रू म्हणजे काय हे तुला सांगायला नको, काकांनी तुलाही एकदा तो शोधायला लावला होता आणि तू साखरेचा दाणा आणून दिला होतास. तर तो चिमट्यात, मी वाकलेला, आणि श्वास सोडायची वेळ झाली. सोडला. स्क्रू गेला. टेबल झाडलं, फरशी चुंबकाने पालथी घातली, चष्मेवाल्यालाही ओणवा केला. छातीत धडधड, कानात गरम वाफा. ही डबा घेऊन आली ती नेमकी तेव्हाच. मला वाटलं आता माझी काही खैर नाही. पण तिने मला खुर्चीत बसवलं, माझ्याच फोनवर तुझं रेकॉर्डिंग लावलं आणि म्हणाली, आधी श्वास घ्या, मग शोधू. घेतला. गॅस उतू गेला, चार आलं, सोडला. दुसऱ्यांदा घेतला. ही एकदम म्हणाली, हलू नका! माझ्या स्वेटरच्या लोकरीत, बरोबर पोटावर, तो स्क्रू बसला होता. पोट वर आलं की चमकायचा, खाली गेलं की गायब. पोटापर्यंत श्वास गेला नसता तर तो आजन्म तिथेच राहिला असता, कारण हा स्वेटर मी काही हिला धुवायला काढू देत नाही.

इतकं सगळं करून पुन्हा दवाखान्यात गेलो, तर काय? बीपी तिथेच! किंबहुना जरा वरच. गोळ्या वेळेवर, मीठ नाही, चालणं चालू, तुझा गॅस रोज सकाळ-संध्याकाळ उतू जातोय, आणि तरी काटा वरच. नर्सबाई म्हणाल्या, थोडं बसा, पुन्हा बघू. पुन्हा पाहिलं, तेच. त्या वेळी मात्र खचलो. मनातल्या मनात दुकानाच्या पाटीवरून ‘दुरुस्ती’ हा शब्द खोडून टाकला. ही शेजारी बसून पदराशी चाळा करत होती. बोलत नव्हती, पण या वेळी तिने काही ठरवलंही नव्हतं, हे मला कळत होतं.

आणि तिथे त्या नर्सबाईंच्या लक्षात एक गोष्ट आली. त्यांचं बीपीचं यंत्र जुन्या पद्धतीचं आहे, पट्टा दंडाला आणि समोर एक गोल तबकडी, तिच्यात काटा. त्यांनी हवा भरली, काटा वर चढला, आणि मी आपोआप पुढे वाकलो, उजवा डोळा बारीक केला, आणि पुतळा झालो. बाई म्हणाल्या, काका, तुम्ही श्वास का धरलाय? मी म्हटलं, छे, कुठे? आणि बोलताना जो भसकन बाहेर पडला त्यानेच मी तोंडावर पडलो. ताई, आलं ना लक्षात? काकांची कागदाची पट्टी! काम शिकताना माझ्या नाकासमोर दोरीने टांगलेली असायची, आठवतं? काटा चिमट्यात असताना श्वासाने पट्टी हलली की डोक्यात टपली. काटा दिसला की श्वास बंद, हे इतकं हाडात गेलंय की दवाखान्यातल्या काट्यालाही मी तीच इज्जत देत होतो. आणि मी श्वास कोंडून ताठ बसलो की बीपी चढणारच, असं बाई म्हणाल्या. म्हणजे मी बीपी मोजायला जायचो आणि तिथे बसून ते चढवून ठेवायचो! हिने कपाळावर हात मारला. बाईंना म्हणाली, अहो, दुकानात तरी कुठे घेतात श्वास, मी डबा घेऊन येते तेव्हा बघते ना, अर्धा दिवस मासा पाण्याबाहेर काढल्यासारखं तोंड असतं. मी म्हटलं, इतकी वर्षं बघितलं तर सांगायचं नाही का! म्हणे, मला वाटलं कामाचा भाग असेल.

बाईंनी सांगितलं, तबकडीकडे बघू नका, समोर भिंतीकडे बघा. समोर भिंतीवर घड्याळ. तेही चुकीचं, चांगलंच मागे पडलेलं. मी माझ्या मनगटाशी ताडून पाहिलं आणि पुन्हा पुतळा. बाईंनी स्टुलावर चढून ते भिंतीवरून उतरवलं आणि हिच्या मांडीवर पालथं ठेवलं. मग म्हणाल्या, आता डोळेच मिटा. ही म्हणाली, थांबा, आणि फोनवर तुला लावलं. त्या सगळ्या पेशंटांसमोर, ताई, तुझा मऊ आवाज. एक, दोन, तीन, अहो, गॅस बंद करा, उतू जातंय! कोपऱ्यातल्या एक आजीबाई दचकून उठल्या आणि म्हणाल्या, अगं बाई, माझा राहिला वाटतं. पण मी नाही दचकलो. मला त्या गॅसची इतकी सवय झालीय की तो आला की खांदे आपोआप खाली येतात. कधी पट्टा आवळला, कधी सुटला, मला कळलंच नाही. डोळे उघडले तेव्हा नर्सबाई हसत होत्या आणि ही रडत होती. मला आधी वाटलं दोन वेगवेगळे आकडे आले की काय. पण नाही, एकच होता आणि चांगला होता.

तर असा हा श्वासाचा महिमा. खरं सांगतो, चेष्टा बाजूला ठेवून. झोप अशी लागते की पूर्वी छतावरच्या भेगा मोजायचो, त्या आता कुठे आहेत तेही विसरलो. गिऱ्हाइकावर वसकन ओरडणं बंद झालंय. चष्मेवाला उसासा टाकतो तेव्हा मीही एक टाकतो आणि दोघं चहा मागवतो. छातीवरचं दडपण गेलं. ते दडपण होतं, हेसुद्धा गेल्यावरच कळलं. स्क्रू बसवताना अजून धरतो श्वास, त्याला इलाज नाही, पण एक बसला की थांबतो, दोन श्वास घेतो, मग दुसरा. काका असते तर म्हणाले असते, हा घड्याळ दुरुस्त करतोय की देवपूजा? म्हणू देत.

ऑपरेशनचं तू मुळीच मनावर घेऊ नकोस. फार साधं असतं, त्याच दिवशी घरी सोडतात, ही आहेच सोबतीला. एवढ्याशासाठी तुझा तो गुडघा घेऊन गाडीचे धक्के खात येण्यात काही अर्थ नाही. मी काय कुक्कुलं बाळ आहे? तू तुझा वर्ग बुडवू नकोस आणि भाऊजींना एकटं स्वयंपाकघरात सोडू नकोस. कळावे. लोभ आहेच, श्वासही असू द्यावा.

तुझा धाकटा,
फुगा

ता. क. डॉक्टरांना तुझ्याबद्दल सांगितलं. ते म्हणाले, श्वासाने फायदा झालाच, तो आयुष्यभर चालू ठेवा, पण निम्मं काम गोळ्यांचं आहे, त्या बंद करायच्या नाहीत. तेव्हा वर जे सगळं श्रेय तुला दिलंय त्यातलं निम्मं परत घेत आहे. राग मानू नये.

आणखी ता. क. दवाखान्यातलं ते भिंतीवरचं घड्याळ मी मोठ्या तोऱ्यात दुरुस्तीला घरी आणलं. त्याला काहीही झालेलं नाही. माझंच मनगटावरचं पुढे पळतंय. हे कुणाला बोलू नकोस, धंद्याचा प्रश्न आहे. घड्याळ नुसतं पुसून परत करणार आहे.

शेवटचं ता. क. (हे तू आधीच वाचलं असशील तर उत्तम.) नर्सबाईंनी गुरुवारचं सगळं समजावून सांगितलं. भूल फक्त डोळ्याला देतात, माणूस जागाच असतो. उताणं पडून डोक्यावरच्या दिव्याकडे एकटक बघायचं, हलायचं नाही, श्वास मात्र धरायचा नाही, शांत चालू ठेवायचा. दिवा गोल आहे, ताई, अगदी तबकडीसारखा. मी विचारून घेतलं. डोळे मिटायची सोय नाही आणि फोन आत नेऊ देत नाहीत. नर्सबाई म्हणाल्या, मी मोजते की तुमच्यासाठी. त्यांनी मोजून दाखवलं. त्यांचं मोजणं अगदी बरोबर आहे, मधे काहीच उतू जात नाही, आणि माझा श्वास तिथल्या तिथे अडकला. ही म्हणाली, लहानपणी हट्टाला पेटून श्वास कोंडायचात तेव्हा कोण सोडवायचं? तुला आठवतं, गाल फुगवून, निळा होईपर्यंत बसायचो, म्हणून तर फुगा. आई घाबरून ओरडायची आणि तू शांतपणे येऊन माझ्या तोंडावर एक फुंकर मारायचीस, की झालं, श्वास सुरू. तर वर जे लिहिलंय की येऊ नकोस, ते आज सकाळी लिहिलं होतं. आता दुपार झाली आहे. बुधवारी संध्याकाळपर्यंत ये. ऑपरेशनच्या खोलीत तुला सोडणार नाहीत, पण दाराबाहेर बाक आहे, मी बघून ठेवलाय, गुडघ्याला बरा पडेल. तिथे बसून तुझ्या आवाजात, भाऊजींवर ओरडतेस तसं, मोठ्याने मोज. मला आत ऐकू येईल. आणि मधेच वाटलं की आत फारच शांत आहे, फुग्याने धरला वाटतं, तर दाराच्या फटीतून एक फुंकर मार.